टरेटवरचा आकडा आणि रेटिकलचा दिवा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत माझी उपकरणदुरुस्तीची खोली आहे. थिओडोलाइट, डंपी लेव्हल अशी जमीन मोजणीची उपकरणे, अधूनमधून एखाद्या शाळेचा सूक्ष्मदर्शक, अशी कामे तिथे वर्षानुवर्षे येत आली आहेत आणि अलीकडे त्यांत एअर रायफलवर नेम धरायच्या दुर्बिणींची, म्हणजे स्कोपांची, भर पडली आहे. स्कोपच्या खोक्यावर बहुधा हरणाचे किंवा रानडुकराचे चित्र असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही आणि येऊरचे जंगल तर राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, त्यामुळे माझ्याकडे येणारी मंडळी 4.5 मिलिमीटरच्या छर्‍याने कागदावर नेम धरणारी आहेत. त्यांच्या तक्रारी मात्र शिकारी रायफलच्या स्कोपांबद्दल सर्वत्र ऐकू येतात त्याच आहेत: टरेटचे (नेम सरकवणाऱ्या गोल बटणाचे) क्लिक, म्हणजे खटक्यांच्या पायऱ्या, खरे नाहीत, झिरो (एकदा जुळवलेला नेम) टिकत नाही, आणि रेटिकलचा (आतल्या फुलीचा) दिवा एक तर डोळे दिपवतो किंवा दिसतच नाही.

जून महिन्यात घोडबंदर रोडवर राहणारा एक तरुण नवा स्कोप घेऊन आला. "काका, मी वीस क्लिक वर जातो आणि वीस क्लिक खाली येतो, पण छर्रा पहिल्या भोकात परत येत नाही. माझा हात हलतो की हाच खोटा आहे?" हा प्रश्न मला फार योग्य वाटला, कारण त्याचे उत्तर रायफल हातात न घेताही मिळू शकते.

टरेटवर बहुधा एका क्लिकला पाव एमओए असे कोरलेले असते. एमओए म्हणजे आपण भूमितीत शिकलो ती कला, अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक कला सुमारे 2.9 सेंटिमीटर व्यापते, म्हणून तिथे एक क्लिक साधारण सात मिलिमीटरचे होते आणि पंचवीस मीटरवर 1.8 मिलिमीटरचे, म्हणजे छर्‍याच्या भोकाच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या बारीक पायरीचे आश्वासन कारखान्याने दिलेले असेल, तर ते तपासण्याचा हक्क विकत घेणार्‍याला आहे, असे मी मानतो.

त्याच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आम्ही फीत लावून पंचवीस मीटर मोजले, भिंतीवर जाड रेघांचा मोजपट्टीचा कागद चिकटवला आणि स्कोप रबराच्या पट्टीत गुंडाळून शिकंज्यात घट्ट धरला. फुली शून्याच्या रेघेवर आणून मी टरेट चाळीस क्लिक फिरवला. दहा कला, म्हणजे फुलीने जवळजवळ 73 मिलिमीटर सरकायला हवे होते. ती 66 वर थांबली. चाळीस क्लिक उलटे फिरवले, तर ती शून्यापासून चार मिलिमीटर दूरच राहिली. मग मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नळीवर हलकेच दोनदा टिचकी दिली आणि फुली आमच्या डोळ्यांदेखत तीन मिलिमीटर सरकून जवळपास जागेवर आली. त्या मुलाने तिथल्या तिथे स्वतःच्या हाताला दोष देणे थांबवले.

टिचकीने फुली का सरकली, हे समजून घेण्यासारखे आहे. स्कोपच्या बाहेरच्या नळीत एक छोटी आतली नळी असते. वरचा आणि बाजूचा टरेट हे तिच्यावर दाब देणारे दोन स्क्रू असतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर रेटून धरते. आटे बारीक आणि स्वच्छ कापलेले असतील व स्प्रिंग दमदार असेल, तर आतली नळी स्क्रूच्या मागोमाग जाते. स्वस्त स्कोपात आटे खरखरीत असतात आणि स्प्रिंग मऊ असते, त्यामुळे स्क्रू मागे सरला तरी नळी अडकून राहते आणि पुढच्या एखाद्या धक्क्याला सुटते. त्यात स्प्रिंगने पिस्टन ढकलून छर्रा उडवणाऱ्या अनेक एअर रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते, म्हणून नेमबाज टरेट वर, आणखी वर असा शेवटापर्यंत नेतो. टरेटचा स्क्रू जितका बाहेर येतो तितकी स्प्रिंग सैल पडते, आणि नेमक्या त्याच टोकाला झिरो भटकतो. याला उपाय टरेट बदलण्याचा नाही. स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगखाली पातळ पट्टी घालावी किंवा उताराचा माउंट (स्कोपची बैठक) वापरावा, म्हणजे टरेट आपल्या मधल्या पट्ट्यात राहून काम करतो.

मोजणीच्या कामात आम्ही एक सवय लावून घेतलेली असते आणि ती इथेही उपयोगी पडते: हव्या त्या आकड्यावर नेहमी एकाच दिशेने यायचे. वर जायचे असेल, तर चार क्लिक जास्त वर जाऊन पुन्हा खाली यायचे. स्क्रूतला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, त्यामुळे नेहमी एकाच बाजूला राहतो. मात्र 73 च्या जागी 66 दाखवणारा टरेट या सवयीने सुधारत नाही. ती सरळ कारखान्याची चूक आहे.

सगळ्या तक्रारी टरेटच्या नसतात, हेही सांगायला हवे. नेरूळहून आलेल्या एका गृहस्थांचा स्कोप शंभर यार्डांवर कायमचा जुळवलेला होता आणि ते पंचवीस मीटरवर नेम धरत होते. चाळीस मिलिमीटरच्या भिंगात डोळा मध्यापासून अगदी कडेला गेला, तर इतक्या जवळ पॅरॅलॅक्सने, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसण्याने, दीड सेंटिमीटरच्या आसपास चूक होऊ शकते. त्यांचे क्लिक चोख होते, गाल मात्र दर वेळी वेगळ्या जागी टेकत होता.

दिव्याबद्दलची माझी नाराजी टरेटहून मोठी आहे, कारण इथे अडचण यंत्राच्या मर्यादेची नसून विचार न करण्याची आहे. रात्री तार्‍यांचे वेध घेताना थिओडोलाइटच्या अक्षातून दिव्याचा प्रकाश आत सोडत आणि लहानशा आरशाने तो फुलीच्या तंतूंकडे वळवत. आरसा फिरवून तो इतका मंद करता येई की तंतूवरचा फिकट तारा झाकोळू नये. रेटिकल उजळायचे ते याच कारणासाठी, अंधुक उजेडात काळी रेघ दिसावी म्हणून. आजच्या कित्येक स्कोपांत दिव्याची सर्वांत खालची पायरीच संधिप्रकाशात इतकी भडक असते की लक्ष्याचा कागद दिसेनासा होतो, नळीच्या आत लाल झाक पसरते आणि डोळ्याची बाहुली आकसते. उलट भर दुपारी सर्वांत वरची पायरीही फिकी पडते. अकरा पायर्‍या दिल्याची जाहिरात होते, पण खरी गरज असते ती खालच्या दोन-तीन पायर्‍या अगदी मंद असण्याची. पूर्ण फुली पेटवण्याऐवजी मधला ठिपकाच उजळला, तर निम्मी तक्रार मिटते. हिरवा रंग भडक वाटतो अशीही तक्रार येते. अंधार पडू लागला की डोळा लाल रंगाला मंदावतो आणि हिरव्याला अधिक जागा राहतो, त्यामुळे हिरव्यासाठी पायरी आणखी खाली असायला हवी.

दुसरी मोठी तक्रार सेलची. सीआर 2032 हा तीन व्होल्टचा चपटा सेल पुढच्या रविवारी संपलेला सापडतो, कारण दिवा विसरून चालू राहिलेला असतो. दर दोन पायर्‍यांच्या मध्ये बंदची जागा असली, तर आवडती पायरी आणि बंद यांत एकच खटका राहतो. काही स्कोपांत ही सोय आहे आणि ती सगळ्यांत का नसावी, हे मला कळत नाही. आपल्या पावसाळ्याने त्यात भर पडते. सेलच्या पत्र्यावर हिरवा थर चढतो, झाकणाखालचे रबर कोरडे पडते, आणि पिस्टनच्या पुढे-मागे अशा दुहेरी धक्क्याने सैल झालेला सेल ऐन नेमाच्या वेळी लुकलुकतो. पत्रा स्वच्छ पुसून किंचित वर वाकवला की बहुतेक दिवे पुन्हा लागतात. जून ते सप्टेंबर सेल काढून ठेवावा आणि स्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. काचेवर कोरलेले रेटिकल दिवा नसतानाही काळे दिसते, म्हणून घेताना तेच घ्यावे.

त्या तरुणाने आमच्या मोजणीचा कागद आणि छायाचित्रे दुकानदाराला दाखवली आणि थोडी ताणाताण होऊन त्याला स्कोप बदलून मिळाला. नवा स्कोप आम्ही त्याच पार्किंगमध्ये, त्याच शिकंज्यात लावला. चाळीस क्लिकांना फुली 72 वर गेली आणि परत येताना शून्याच्या रेघेवर बसली. टिचकी देऊनही हलली नाही. दिव्याची पहिली पायरी याचीही भडकच आहे. तिच्यासाठी सेलच्या वाटेत एक रोध (रेझिस्टर) बसवून पाहावा, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी तो येत्या शनिवारी स्कोप घेऊन येणार आहे.