वेताळ टेकडीहून मोठी टेकडी

पुणेकराला ‘टेकडी’ म्हटलं की सकाळची चाल, कानटोपी आणि उतरल्यावर अमृततुल्यचा चहा. त्यामुळे लेकीने नामिबियाचे फोटो दाखवून “आई, या वाळूच्या टेकड्या चढायच्यात” म्हटलं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारी बाई मी. त्यातली सगळ्यांत नावाजलेली टेकडी, बिग डॅडी, साधारण ३२५ मीटर. म्हणजे वेताळ टेकडीहून उंच, पण गडाच्या निम्मीच. म्हटलं, नाश्ता करून निघू.

तिथेच चुकलं.

आल्यापासून सोसायटीतल्या चार जणींनी विचारून झालंय, “तिकडे जाऊन करायचं काय गं? नुसती वाळूच ना?” प्रत्येकीला तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. पुण्यात त्या दिवसांत दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस ओलसर, आणि तिथे दुपारी धुतलेला मोजा चहा होईपर्यंत कडकडीत. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. पहाटे स्वेटरवर शाल, दहा वाजता शाल कमरेला, बारा वाजता सावली कुठे मिळते ते बघायचं. राजधानी विंडहुकहून टेकड्यांच्या तोंडाशी असलेल्या सेस्रीमला मोटारीने पाचेक तास लागतात, बराचसा रस्ता खडीचा. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे नवरा खुशीत होता. भाड्याची गाडी घेताना जादा चाकातली हवा तपासा, एवढं मात्र सांगते. आमच्यातली अर्धी गेलेली होती, हे आम्हाला खडीवर पंक्चर झाल्यावर कळलं.

सेस्रीमला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत गेलं की सोसुसव्लेई नावाच्या मातीच्या सपाट खोलगटापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर रस्ता, दोन्हीकडे टेकड्या. फाटक सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताच्या आत बाहेर पडावं लागतं. फाटकाच्या आत मुक्काम असलेल्यांना तासभर आधी सोडतात. आमचा मुक्काम बाहेर होता. पहिल्या दिवशी आम्ही निवांत नाश्ता केला, मग ड्यून ४५ पाशी थांबलो. फाटकापासून ४५ व्या किलोमीटरला आहे म्हणून हे नाव. नावं ठेवण्यात त्या लोकांनी फार डोकं शिणवलेलं नाही. तिथे सगळ्या गाड्या थांबतात, मग आपणही थांबतो. फोटो काढता काढता बिग डॅडीच्या पायथ्याशी पोचायला साडेदहा वाजले.

गडावर पाय टाकला की दगड तो झेलतो. वाळू झेलत नाही. एक पाऊल वर टाकावं, तर निम्मं खाली येतं. नवरा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. त्याने मूठभर वाळू हातावर घेतली, बोटाने पसरली आणि जाहीर केलं, “काँक्रीटला कुचकामी. वाऱ्याने घासून घासून दाणे गोल झालेत. एकमेकांना धरतच नाहीत.” माझे पायही ते धरत नव्हते. तासाभरात मी धारेवर बसकण मारली. बुटात वाळू, मोज्यात वाळू, पाण्याच्या बाटलीच्या आट्यांत वाळू. शेजारून साठीतली एक जर्मन जोडी संथ चालीने वर गेली. आम्ही खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधी रांगेत उभ्या होतो. (नवरा गाडीत घोरत होता, म्हणून ‘उभे’ नाही.) दशम्या, लसणाची चटणी आणि गूळपापडीच्या वड्या पिशवीत. तिकडे जेवणात मांस फार, त्यामुळे शाकाहारी माणसाने शिदोरी बांधून जावं हे उत्तम. ड्यून ४५ कडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट शेवटपर्यंत गेलो. शेवटचे पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे साध्या गाडीने जाण्याचा हट्ट करू नका, उघड्या जीपा नेतात. आमच्यासमोर एक गाडी रुतली. तो गृहस्थ जोर लावून चाकं फिरवत होता आणि गाडी जास्तच खाली बसत होती.

चढायची रीत त्या जर्मन आजी-आजोबांची पाहून ठेवली होती: टेकडीच्या पोटावरून नाही, धारेवरून चालायचं, आणि पुढच्याने दाबून ठेवलेल्या पावलातच आपलं पाऊल ठेवायचं. पहाटे वाळू गार आणि थोडी घट्ट असते. बूट काढून नुसत्या जाड मोज्यांवर चाललं तर उत्तम पकड मिळते, हा माझा शोध. पावणेदोन तास लागले. सिंहगडाला मी सव्वा तास घेते, तेव्हा काय ते समजा.

मध्ये एकदा दम खायला बसले होते, तेव्हा पायाशी एक काळा भुंगा धावताना दिसला. लांबच लांब तंगड्या, पोट वाळूपासून वर उचललेलं, जणू तापलेल्या तव्यावरून पळतोय. मागे त्याच्या पावलांची सारखी रांग उमटत होती, अगदी शिलाईमशीनची टीप. याला टॉकटोकी म्हणतात. पोट जमिनीवर आपटून टकटक करतो म्हणून. त्याच्याच भाऊबंदांतला एक भुंगा धुक्याच्या पहाटे धारेवर शीर्षासन करून उभा राहतो. अंगावर जमलेलं धुक्याचं पाणी ओघळत तोंडापर्यंत येतं, ते पितो. समुद्रातून गार बेंग्वेला प्रवाह वाहतो, त्याच्यामुळे हे धुकं होतं आणि पाऊस मात्र पडत नाही. माझ्या पिशवीत तीन लिटर पाणी होतं आणि मला ते कमी वाटत होतं.

वरून चारी बाजूंना टेकड्या दिसतात, एकीला चार-चार धारा फुटलेल्या. वारे निरनिराळ्या दिशांनी येतात, म्हणून त्या अशा चांदणीसारख्या होतात. रंग गाभुळलेल्या चिंचेपासून भगव्यापर्यंत, लोहाच्या गंजाचा. जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांत या नामिब वाळवंटाची गणना होते, किमान साडेपाच कोटी वर्षांचं म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने या वाळूच्या समुद्राला जागतिक वारसा ठरवलं.

आणि उतरणं! धार सोडून सरळ उभ्या पोटावरून खाली धावायचं. पोटरीपर्यंत पाय रुततो, त्यामुळे पडायची भीतीच नाही. पावणेदोन तासांचं कमावलेलं दहा मिनिटांत खर्च. लेक आरडाओरडा करत गेली, तिच्यामागे मी, वय वर्षे ५६, पदर नव्हता म्हणून बरं.

खाली डेडव्लेई. पांढऱ्या मातीचं सपाट, भेगाळलेलं ताट आणि त्यात उभी काळी वठलेली झाडं. त्सौखाब नदीचं पाणी एके काळी इथपर्यंत यायचं. वाळूने वाट अडवली आणि झाडं मेली. त्याला सहा-सातशे वर्षं झाली म्हणतात. कुजायलाही ओल लागते, ती नाही, म्हणून अजून उभी आहेत. झाडं आपल्या बाभळीच्या जातकुळीतली. इंग्रजीत त्यांना उंटाचा काटा म्हणतात, पण मूळ आफ्रिकान्स शब्दात जिराफ आहे. कुणीतरी भाषांतर करताना जिराफाचा उंट केला. झाडांना हात लावू नका. एक पर्यटक फांदीवर कोपर टेकून फोटो काढून घेत होता. नवऱ्याने त्याला अस्सल पुणेरी मराठीत समज दिली, आणि त्याला ती कळली.

दुपारी काहीही करू नका. पडद्याआड झोपा. संध्याकाळी सेस्रीमची घळ पाहा, तीसेक मीटर खोल, खाली उतरून चालता येतं. रात्री बाहेर खुर्ची टाका. इकडे दक्षिणेला खाली लोळणारा वृश्चिक तिथे थेट डोक्यावर येतो. ध्रुवतारा मात्र दिसतच नाही, याची मला उगाच चुटपुट लागली.

पुढे वॉल्विस बे या बंदराच्या दक्षिणेला टेकड्या थेट समुद्रात उतरतात. रोहित पक्षीही आहेत, पण भिगवण पाहिलेल्यांनी त्यासाठी वेगळा दिवस काढू नये.

आता तळमजल्यावरच्या काकूंचा प्रश्न राहिला. त्या विचारत होत्या की ७४ व्या वर्षी जमेल का. काकू, बिग डॅडी नको. पण जीप सोडते तिथून डेडव्लेई जेमतेम सव्वा किलोमीटर आहे, थोडी वाळू, थोडा चढ. तुम्ही रोज तळजाईला याहून जास्त चालता. सकाळी लवकर निघा, काठी घ्या, आणि जाड मोज्यांचे तीन जोड. माझे दोन मी तिथेच टाकून आले, तिसरा धुऊन ठेवलाय, हवा तर घेऊन जा.