‘अदर’ या एका शब्दापायी तीन फेऱ्या

तिसऱ्या फेरीत त्याच लोखंडी कठड्यावरून हात फिरवताना मला खरोखरच राग आला होता. फोन म्हणत होता, कॅश, म्हणजे जिओकॅशिंग या खेळात लपवलेली वस्तू, दोन मीटरवर आहे. आजूबाजूला होतं काय, तर कठडा, एक बाक आणि बाकाखालचा पालापाचोळा. मी शोधत होते डबा. आणि डबा शोधत होते, कारण कॅशच्या पानावर आकाराच्या रकान्यात फक्त ‘अदर’, म्हणजे ‘इतर’, लिहिलं होतं.

जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, आपण जीपीएसवर ती शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. मे २०००मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी पहिली कॅश लपवली. ती चक्क बादली होती. नवख्याच्या डोळ्यांसमोर असंच काहीतरी असतं, हाताला सहज लागेल असं.

आकारांची व्यवस्था तशी सरळ आहे. १०० मिलीलिटरपेक्षा लहान ती मायक्रो, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी. १०० मिलीलिटर ते १ लिटर स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर, त्यापुढे लार्ज. लोक ‘नॅनो’ म्हणतात तीही मायक्रोतच धरायची. ‘अदर’ आहे ते या मापांत न बसणाऱ्या विचित्र वस्तूंसाठी, आणि तो निवडला की वर्णनात काहीतरी खुलासा करायचा असतो. इथे वर्णनात त्या जागेचं कौतुक होतं, आकाराबद्दल अक्षर नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मी ‘सापडली नाही’ अशी नोंद केलीच नाही. कमीपणा वाटला. पण तशी नोंद वाचूनच मालकाला, म्हणजे डबी लपवणाऱ्याला, कळतं की डबी गेली असेल, एकदा बघून यावं. आता मी दर वेळी करते. त्या वेळी मात्र मी मालकाला निरोप पाठवला आणि रोज उत्तराची वाट पाहिली. आठवड्याने तीन शब्द आले: ‘जागेवरच आहे ती.’ आकार विचारला, त्यावर काहीच नाही. कोडं घालणं मला मान्य आहे. पण ते लपवण्याच्या जागेत घालावं. माहितीचा रकाना शोधणाऱ्याच्या मदतीसाठी असतो.

शेवटी जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. आपलं आपण शोधायचं म्हणून त्या टाळत होते. खूप खाली एकाने लिहिलं होतं, ‘चिमटा न्यायला विसरू नका.’ तेवढ्याने सगळं चित्र बदललं. चिमटा लागतो म्हणजे कागद गुंडाळलेला, म्हणजे डबी बोटाच्या पेराएवढी.

कठड्याच्या खांबांवर बोल्टांची रांग आहे. मी एकेकावर नख लावत गेले. सगळे गंजलेले, एकच काळा आणि गुळगुळीत. ओढल्याबरोबर तो हातात आला. मागे चुंबक होतं. जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. फिरवून उघडला, तर आत कागदाची पट्टी इतकी घट्ट गुंडाळलेली की चिमट्यानेच निघाली. इतकं हायसं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. सही केली आणि नवा घोळ: पट्टी परत आत जाईना. ती एखाद्या काडीवर आवळून गुंडाळायची आणि मग काडी काढून घ्यायची. हे मला तिथे पंधरा मिनिटं घालवून कळलं. पेनही स्वतःचंच न्यायचं, असल्या डबीत पेन मावत नाही.

आणखी एक. त्या कॅशची डिफिकल्टी, म्हणजे ती शोधायला किती अवघड याचा आकडा, साडेतीन होती. तो १ ते ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने जातो. मोकळ्या जागेतली, चालत जाऊन सापडणारी ट्रॅडिशनल, म्हणजे साध्या प्रकारची, कॅश साडेतीनची असेल, तर एक तर ती फार लहान असते किंवा दुसऱ्याच कशाचं तरी सोंग घेऊन बसलेली असते. हे मी आधी पाहायला हवं होतं.

कॅशच्या प्रकारांचा गोंधळ त्या मानाने लवकर सुटला. हिरवं चिन्ह ट्रॅडिशनलचं, दिलेल्या जागीच डबी. मल्टीत पहिल्या ठिकाणी पुढच्याचा पत्ता मिळतो. निळं प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टरी. तिथे नकाशावरची खूण सहसा खोटी असते, खरी जागा साधारण ३ किलोमीटरच्या आत कुठेतरी, आणि घरी बसून कोडं सोडवल्याशिवाय बाहेर पडण्यात अर्थ नाही. मी एकदा अशीच नुसत्या खुणेवर गेले होते. अर्थकॅशमध्ये डबी नसतेच. खडक किंवा जमिनीचं निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. ट्रॅव्हल बग, म्हणजे एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये फिरणारा क्रमांकाचा बिल्ला, सोडायचा असेल तर निदान स्मॉल निवडा, मायक्रोत तो सहसा मावत नाही.

आणि फोनवरच्या दोन मीटरवर विसंबू नका. झाडांखाली किंवा उंच भिंतींपाशी तो पाच-दहा मीटर सहज चुकतो. जवळ पोचलात की फोन खिशात टाका आणि मापाचा विचार करा: एवढीशी वस्तू इथे कुठे बसेल?

त्या पानावर आकार अजूनही ‘अदर’च आहे. बोल्टाचं नाव न काढता मी माझ्या नोंदीत लिहिलं: मायक्रो समजून शोधा, चिमटा न्या, एक काडीही न्या.