एफवायच्या सुट्टीतील इंटर्नशिप आणि कोल्हापुरातील एक सीए कार्यालय

बीकॉमच्या पहिल्या वर्षाला असताना उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळत नाही, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि जाहिराती वाचत बसले की ते खरेही वाटू लागते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी हवा असतो, नाहीतर पूर्वानुभव मागितलेला असतो. सरकारी योजनांचा रोखही या वयाकडे नव्हता. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची वयोमर्यादा २१ ते २४ वर्षे होती आणि पूर्णवेळ शिक्षण घेणारे तीत बसत नव्हते. राज्य सरकारने त्याच वर्षी आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण आटोपून कामाच्या शोधात असलेल्यांसाठी होती. मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात, एफवायची परीक्षा संपल्यावर, मला कोल्हापुरातील एका सीएंच्या कार्यालयात काम मिळाले. ते कसे मिळाले हे मागच्या वर्गांतील मुले-मुली वारंवार विचारतात, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत असे झाले आहे की, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पात्रतेची चिंता थोडी बाजूला ठेवावी आणि आपण जेथे काम मागणार आहोत त्या कार्यालयाचे वर्ष कसे चालते याचा अभ्यास करावा. सीएंच्या कार्यालयात मे महिन्यात माणसांची हमखास चणचण असते. तेथील रोजचे बरेचसे काम आर्टिकल म्हणून, म्हणजे सीए होण्यासाठी लागणारे प्रशिक्षण घेण्यासाठी, लागलेली मुले-मुली करतात, आणि सीएच्या परीक्षा मे महिन्यात असल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकजण त्याआधीच अभ्यासाच्या रजेवर जातात. काम मात्र रजेवर जात नाही. मार्चअखेरच्या तिमाहीचे टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे असते, पगारदारांना १५ जूनपर्यंत फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र) मिळायला हवा असतो, तेथून ३१ जुलैपर्यंत प्राप्तिकर विवरणपत्रांची रीघ लागते, आणि जीएसटीची विवरणे भरण्याच्या ११ व २० या तारखा तर दर महिन्याला येतातच. अशा वेळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणारे आणि बिले तारखेवार लावणारे कोणीही त्यांना हवेच असते. पण ते जाहिरात देत नाहीत, कारण आलेले अर्ज चाळायलासुद्धा माणूस लागतो.

म्हणून मी एप्रिलच्या सुरुवातीलाच राजारामपुरी आणि शाहूपुरीतील कार्यालयांमध्ये दुपारच्या वेळी जाऊन पत्र द्यायला सुरुवात केली. दुपारी अशासाठी की, सकाळी साहेब पक्षकारांच्या गराड्यात असतात आणि संध्याकाळी ते बाहेर पडण्याच्या घाईत असतात. पत्र अर्ध्या पानाचे आणि मराठीत होते. मी कोणत्या महाविद्यालयात शिकते, टॅलीत खरेदी-विक्रीच्या आणि बँकेच्या नोंदी करता येतात, एक्सेलमध्ये दोन याद्या एकमेकींशी जुळवता येतात, परीक्षा कधी संपते आणि पुढचे वर्ग सुरू होईपर्यंत दहा ते सहा या वेळेत रोज येऊ शकेन, एवढेच त्यात होते. आमच्या वर्गात तयार नमुन्यावरून दोन पानी रेझ्युमे करण्याची टूम निघाली होती आणि त्यात ‘नेतृत्वगुण’, ‘ताण हाताळण्याची क्षमता’ असे रकाने असत. एकोणिसाव्या वर्षी त्या रकान्यांत जे भरले जाते, त्यावर कोणीही समजूतदार माणूस विश्वास ठेवणार नाही. उलट ‘बँक रिकन्सिलिएशन येते’ (म्हणजे बँकेचे विवरण आपल्या नोंदींशी जुळवता येते) या तीन शब्दांवर समोरचा माणूस मान वर करून बघतो, हा माझा अनुभव आहे.

बहुतेक ठिकाणी ‘कळवतो’ हे उत्तर मिळाले. एका कार्यालयातून मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, आणि तेथील सीए मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्या गुणांबद्दल नव्हता. ‘उद्यापासून येशील का?’ असा होता.

तेथील काम मला वाटले होते त्यापेक्षा बारीक निघाले. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील काही फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आमच्या कार्यालयाच्या पक्षकार होत्या आणि त्यांच्या खरेदीची नोंदवही जीएसटीआर-२बी या, पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या विवरणाशी पडताळून पाहणे हे माझ्याकडे आले. हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते आणि विक्रेत्याने आपले बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवले असेल तरच ते त्यात उतरते. २०२२ पासून, जे बिल या विवरणात नाही त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) खरेदीदाराला घेता येत नाही, त्यामुळे न जुळलेली प्रत्येक ओळ म्हणजे पक्षकाराचे अडकलेले पैसे असतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात, हे पुस्तकात वाचले होते. पण बेळगावहून आलेल्या भंगाराच्या बिलावर कर्नाटकाच्या २९ ने सुरू होणारा क्रमांक आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधील व्यवहारावरचा कर) पाहून, आणि शिरोलीतल्याच पुरवठादाराच्या बिलावर महाराष्ट्राचा २७ आणि सीजीएसटी-एसजीएसटीची, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या कराची, निम्मी-निम्मी विभागणी पाहून ते डोक्यात पक्के बसले.

पहिल्याच यादीत कितीतरी बिले न जुळलेली दिसली. पाहिले तर त्यांतील बरीचशी बिले दोन्हीकडे होती. विक्रेत्याने ‘००४५’ लिहिले होते आणि आमच्या पक्षकाराच्या नोंदवहीत ‘४५’ होते, आणि एक्सेलच्या दृष्टीने ही दोन वेगळी बिले ठरत होती. खात्री करण्यासाठी मॅडमनी मला त्या पुरवठादाराच्या दिवाणजींना फोन करायला सांगितला. ते हसून म्हणाले, ‘पोरी, ते पुढचे शून्य आमच्या मालकांची हौस हाय, तू तुझी रक्कम बघ.’ तेव्हापासून मी आधी जीएसटी क्रमांक, मग रक्कम, मग तारीख आणि शेवटी बिल क्रमांक, या क्रमाने जुळवणी करू लागले. खरोखर गहाळ असलेल्या बिलांची कारणे वेगळी निघाली: काही पुरवठादार तिमाही विवरण भरणारे होते आणि मधल्या महिन्यांची बिले त्यांनी पोर्टलवर चढवलीच नव्हती, म्हणजे एप्रिलचे बिल जुलैमध्येच दिसणार होते.

मानधन किरकोळ होते. बसभाडे आणि दुपारचा चहा-नाश्ता भागून थोडे हातात उरत होते. पहिल्या वर्षाला यापेक्षा अधिक मागता येईल असे मला वाटत नाही, परंतु जाण्या-येण्याचा खर्च तरी आधीच बोलून घ्यावा, त्यात संकोच करू नये. येथे एक गोष्ट ठासून सांगते: जेथे ‘नोंदणी शुल्क’ भरा, घरबसल्या महिनाभराची इंटर्नशिप करा आणि प्रमाणपत्र घ्या असे सांगितले जाते, ते प्रमाणपत्रांचे दुकान आहे. कामासाठी माणूस घेणारा त्या माणसाकडून पैसे मागत नाही. आणखी एक बाब अशी की, कार्यालयात लोकांचे पॅन, बँकेची खाती, पगाराचे आकडे समोर पडलेले असतात. त्यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊ नयेत आणि ‘माझे पहिले ऑफिस’ म्हणून टेबलाचे छायाचित्रही कोठे टाकू नये. आमच्याकडे एका मुलाला याच कारणावरून समज मिळाली होती.

विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना हा मार्ग फारसा उपयोगी नाही. त्यांनी मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम पाहावा. २००४ पासून चालणारा हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत, पण ते पुढच्या वर्षांत येतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्यालाच उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचे जादा काम करावे लागते. त्यामुळे पुढे शिकणाऱ्याने आपल्या सुट्टीतील काम श्रेयांकांत धरले जाईल असे गृहीत धरू नये आणि आधी महाविद्यालयात विचारून घ्यावे. सीए होऊ पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, आर्टिकलशिपची दोन वर्षे इंटरमीजिएट ही सीएची दुसरी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर रीतसर नोंदणी केल्यापासून मोजली जातात. एफवायच्या सुट्टीत केलेल्या कामाचा एकही दिवस त्यात धरला जात नाही. मला हे माहीत असूनही मी गेले, कारण सीए करायचे की नाही हेच ठरायचे होते. ते आता ठरले आहे: पदवीला ५५ टक्के मिळवून फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला बसण्याचा विचार आहे, आणि मॅडमनी नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडेच यायला सांगितले आहे.