मधेच सोडून गेलेल्यांचं काय?

थेरपीचा उपयोग झाला का हे बघायला पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजायचा फॉर्म भरून घेतात, ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. पण शेवटचा फॉर्म भरतो कोण, तर जो शेवटपर्यंत टिकला तो, मधेच यायचे बंद झालेले हिशोबातून गायबच, म्हणून दर सेशनला स्कोअर घ्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

लैंगिक आरोग्यात तर उपयोग झाला का हे मोजणं अजून अवघड. कंडोम वापरता का असं समोरासमोर विचारलं की माणूस बरं दिसेल तेच सांगतो, आणि यात त्याचा दोष नाही हो, विचारायची पद्धतच चुकते. १९९८ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलांना असे नाजूक प्रश्न हेडफोन लावून कॉम्प्युटरवर विचारले, तर कागदी फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी मोकळेपणाने सांगितलं. शिवाय नुसत्या सांगण्यावर न राहता जमेल तिथे क्लॅमिडियासाठी (लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग) लघवीची टेस्टपण जोडावी.