अठरा फुटांचा उतार

माझी लेक तिसरीत आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे ती वॉकर धरून चालते. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत तिला घालताना कायदा आमच्या बाजूने होता. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकता येतं, असं २०१६चा कायदा सांगतो. शाळेच्या ३ पायऱ्यांना मात्र तो ठाऊक नव्हता.

आधी दिव्यांगत्वाचा दाखला. पोर्टलवर अर्ज, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ते हातात आल्यावर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या यादीत नाव लागलं. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षातून १० महिने. खरा फायदा झाला तो रिसोर्स टीचर बाईंचा, म्हणजे दिव्यांग मुलांना मदत करणाऱ्या खास शिक्षिकेचा.

रॅम्पसाठी मी वर्षभर अर्ज घेऊन फिरलो. हे म्हणायचे त्यांच्याकडे जा, ते म्हणायचे यांच्याकडे. शेवटी एकदाचा झाला. जेमतेम ६ फूट लांब! पहिल्याच दिवशी वॉकर मागे घसरला आणि लेक माझ्या अंगावर आली. कागदावर मात्र 'काम पूर्ण'.

बाईंनी मग नवीन अर्ज करूच दिला नाही. "सगळ्यांना एकाच दिवशी इथं उभं करूया," म्हणाल्या. एका शनिवारी मुख्याध्यापिका, पंच, फिजिओथेरपिस्ट, गवंडी आणि पालक-शिक्षक संघाचे दोघे अंगणात जमले. गवंड्याने सुतळी धरली. पायऱ्यांची उंची भरली दीड फूट. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी, म्हणजे इथं १८ फूट. गवंडी माझ्याकडे बघत म्हणाला, "हे आधी कोणी सांगितलंच नाही हो!" खरंच होतं ते. अंगणात सरळ १८ फूट जागा नव्हती, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून उतार वळवायचं त्यानेच सुचवलं. पंचांनी तिथंच सही केली. वर्षभराचं काम तासाभरात मार्गी लागलं, याचा आनंद मानावा की राग, मला अजून कळलेलं नाही.

आता लेक एकटी चढते. दप्तर मैत्रिणीकडे देते, तेवढा हक्क तिने स्वतःच मिळवलाय. कठडा मात्र मोठ्यांच्या उंचीचा बसलाय. खालची दांडी लावायला गवंडी गणेश चवथीनंतर येतो म्हणालाय.