टाकी बदलली, फिल्टर तोच

शनिवार, रात्री

माशांची नवी टाकी भरून ठेवली. 100 बाय 40 बाय 45 सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ 180 लिटर. जुनी जेमतेम 54 लिटरची होती. पाणी, काच आणि रेती धरून स्टँडवर दोनशे किलोंच्या वर वजन येणार, म्हणून स्पिरिट लेव्हल ठेवून चारही कोपरे तपासले. एक जरी कोपरा खाली राहिला तरी सगळा ताण सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. पाण्यात अँटीक्लोरीन टाकलं आणि एअरपंप सुरू केला. क्लोरीन नुसतं पाणी उघडं ठेवूनही उडून जातो, पण नळाच्या पाण्यात कधीकधी त्याऐवजी असणारा क्लोरामिन तसा जात नाही. त्यापेक्षा औषधाचे चार थेंब बरे.

जो तो मला एकच सांगतोय, ‘मोठी टाकी म्हणजे सायकल पहिल्यापासून, महिना-दीड महिना थांब.’ सायकल म्हणजे फिल्टरमध्ये असे जिवाणू वसवणं, जे विषारी अमोनियाचा आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक असा नायट्रेट करतात. पण ते पुन्हा पहिल्यापासून करायचं, हे मला पटत नाही. कोऱ्या टाकीला कोरा फिल्टर लावला तर चार ते सहा आठवडे लागतात, हे खरं. पण अमोनिया येतो माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून, टाकीच्या लांबी-रुंदीशी त्याचा संबंध नाही. माझे गोल्डफिश तेच चार, खाणंही तेवढंच. तो अमोनिया पचवायला जितके जिवाणू लागतात तितके जुन्या फिल्टरमध्ये आधीच नांदताहेत. जेवणारी तोंडं तेवढीच असतील तर घर मोठं घेतलं म्हणून रांधणाऱ्याचं काम वाढत नाही.

रविवार, रात्री

मासे हलवले. कोपरापर्यंत हातांना अजून शेवाळाचा वास येतोय.

आधी जुन्या टाकीतलं पाणी बादलीत काढलं आणि फिल्टर तसाच्या तसा त्यात बुडवून ठेवला. बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोनही सोडला, कारण या जिवाणूंना पाण्याइतकीच हवाही लागते. फिल्टर सुकला तर ते मरतात आणि बंद डब्यात साचलेल्या पाण्यात कोंडले तरी गुदमरतात.

आई शेजारी उभी होती. “अगं, एवढी चकाचक टाकी आणलीस आणि त्यात हा कळकट स्पंज घालणार? दे इकडे, नळाखाली धुऊन देते.” तिचा हात स्पंजाकडे जायच्या आत मी बादली मागे ओढली. फिल्टरमधला स्पंज होताच तसा. तपकिरी, बोटांना बुळबुळीत, दाबला की काळपट गाळाचे ढग सुटत होते. तो गाळ म्हणजे बरीचशी विष्ठाच, त्याचं मला प्रेम नाही. त्याच्याखाली धाग्याधाग्याला जो पातळ चिकट थर असतो ना, त्यासाठी हा सगळा आटापिटा. टाकीच्या जुन्याच पाण्यात हलकेच दोनदा पिळला आणि बस. क्लोरीनच्या नळाखाली धरला असता तर कित्येक महिन्यांची वस्ती धुऊन गेली असती.

जुनं पाणी मात्र फेकलं. ‘मुरलेलं पाणी’ म्हणून लोक ते का जपतात, मला कळत नाही. जिवाणू पृष्ठभागांना धरून राहतात, मोकळ्या पाण्यात ते फारच थोडे. जुन्या पाण्यात असतो मुख्यतः नायट्रेट. प्रश्न फक्त पीएचचा होता. टाकी जुनी झाली की तो हळूहळू उतरतो आणि मासे एकदम ताज्या पाण्यात गेले तर त्यांना धक्का बसतो. शिवाय पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून आधीच्या काही आठवड्यांत पाणी जास्त वेळा, पण थोडं थोडं बदलत गेले होते. आज दोन्ही टाक्यांचं पाणी जवळजवळ सारखं निघालं.

नव्या टाकीत दोन्ही फिल्टर लावलेत, जुना आणि नवा शेजारी शेजारी. मासे जाळीऐवजी डब्यानेच उचलले. जाळीत खवलं निघतात.

मंगळवार

अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळी, म्हणजे शून्य. की किंचित हिरवट? खिडकीशी नेऊन पांढऱ्या कागदावर धरली. पिवळीच. नायट्राइट फिकट निळा, तोही शून्य. धास्ती होती ती नायट्राइटचीच. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, मग पाण्यात भरपूर हवा असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. नायट्रेटच्या चाचणीत दुसरी बाटली जोरजोरात हलवावी लागते, तळाशी रसायन बसतं. हलवायचा कंटाळा केला तर आकडा खोटाच कमी येतो.

खाणं निम्म्यावर आणलंय. चौघंही काचेशी येऊन तोंडं उघडताहेत. उघडू देत.

शुक्रवार

आकडे तेच. एवढं सुरळीत चाललं की उगाचच वाचन वाढतं. नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणून वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव घेतलं जायचं. 1998 साली संशोधकांनी मत्स्यटाक्यांमध्ये तपासलं तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा करताना सापडले. 2015 मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानेच उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले आणि त्यांतला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता! तो कळकट स्पंज बघून आईला हे सांगितलं, तर म्हणाली, “मग काय, आता त्याची पूजा करू?”

या जिवाणूंची वाढ फार सावकाश. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल वातावरणात 20 मिनिटांत दुप्पट होतो, यांना अर्धा-एक दिवस लागतो. त्यामुळे मोठी टाकी रिकामी रिकामी दिसते म्हणून लगेच नवे मासे आणणं मला मंजूर नाही. जिवाणू चौघांपुरतेच आहेत. पाण्याचा साठा वाढलाय, त्यामुळे चुकलं तर विष पातळ होऊन थोडा वेळ मिळेल, इतकंच.

रविवार

जुना फिल्टर अजून महिनाभर तरी हलवणार नाही. मग त्यातला निम्मा स्पंज काढून नव्या फिल्टरच्या डब्यात घालायचा आणि अमोनिया रोज बघायचा. शून्य राहिला तर उरलेला निम्मा.

जुनी टाकी मैत्रिणीने मागितलीय. स्पंजाचा तुकडाही देऊ का, असं तिला विचारलं. माझे मासे धडधाकट आहेत, पण स्पंजाबरोबर गोगलगाईची अंडी जायची शक्यता आहे, हेही सांगून ठेवलं. ती म्हणाली, गोगलगाई चालतील, महिनाभर रिकामी टाकी बघत बसणं नाही चालणार.