क्लास नसलेला नायक

कल्पनारम्य भूमिका-खेळांत, म्हणजे ज्यांना आपण सरसकट आरपीजी म्हणतो त्या गेममध्ये, नव्या खेळाडूला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, तू कोण होणार? योद्धा, जादूगार, चोर की पुरोहित? त्या जगात अजून पाऊलही टाकलेले नसते, तलवार जमेल की मंत्र याचा काडीचाही अंदाज नसतो, आणि तरी पुढच्या शंभरेक तासांचे भवितव्य त्या एका पडद्यावर ठरवून टाकावे लागते. या प्रश्नाचे मूळ कागदावरच्या खेळात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीनच क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, होते. जादूगाराने खंजिरावर भागवायचे आणि पुरोहिताने धारेच्या शस्त्राला हात लावायचा नाही, असे त्याचे नियम होते. टेबलाभोवती चार-पाच मित्र बसणार असतील, तर प्रत्येकाची कुठे ना कुठे गरज लागावी म्हणून कामांची अशी वाटणी करणे शहाणपणाचेच होते. अडचण झाली ती पुढे, माणूस संगणकासमोर एकटा बसू लागला तेव्हा. कारण मग कुलूप उघडणाराही तोच आणि राक्षसाला भिडणाराही तोच.

आधी क्लास निवडायचा नाही, जे कराल त्यात तरबेज व्हाल, हा दुसरा मार्गही बराच जुना आहे. १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ने तो फार देखण्या रीतीने मांडला होता. त्यात प्रत्येक कौशल्याला टक्क्यांचा आकडा असे. मोहिमेत एखादे कौशल्य यशस्वीपणे वापरले, की मोहीम संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा, आणि फाशाचा आकडा तुमच्या कौशल्यापेक्षा जास्त आला तरच कौशल्य वाढायचे. म्हणजे ज्याला भालाफेक तीस टक्के येते त्याला वाढीची संधी भरपूर, आणि ज्याला नव्वद टक्के येते त्याला ती जेमतेम. कसलाही गाजावाजा न करता हा नियम सांगून टाकतो की, जितके अधिक येते तितके नवे शिकणे कठीण होत जाते. आजवर मी जे गेम खेळलो त्यांत शिकण्याचे याहून प्रामाणिक गणित मला दिसलेले नाही, आणि ते कागद-पेन्सिलीच्या जमान्यातले आहे, याची मला अजूनही गंमत वाटते.

संगणकाने मात्र हे गणित हाती घेतले आणि त्यातला फासा काढून तिथे मोजणी बसवली. संगणकाला मोजायचा कंटाळा येत नाही, आणि नेमके तिथेच सगळे बिघडले. १९८८ च्या ‘फायनल फँटसी २’मध्ये आधीच्या भागातले क्लास जाऊन वापरातून वाढणारी पद्धत आली. शस्त्र चालवले की शस्त्राची लेव्हल वाढे, मंत्र म्हटला की मंत्राची, आणि मार खाल्ला की जीवनशक्तीची. खेळाडूंनी यातून काय काढावे? त्यांनी आपल्याच सोबत्यांना बडवायला सुरुवात केली, कारण शत्रूचा मार बेभरवशाचा आणि घरचा मार हुकमी. मूळ आवृत्तीत तर हल्ल्याचा हुकूम देऊन तो लगेच मागे घेतला तरी मोजणी होत असे. न लढताच लढाईचा सराव. पुढे २००२ साली ‘मॉरोविंड’मध्ये उड्या मारल्या की उड्या मारण्याचे कौशल्य वाढू लागले, आणि लोक एका गावाहून दुसऱ्या गावाला बेडकासारखे टणाटण उड्या मारत जाऊ लागले. गेममधले गावकरी याबद्दल काही बोलत नसत, हे त्यांच्या सौजन्याचे लक्षण.

आमच्याकडे अमळनेरला हा सगळा विषय आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत निघतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांच्याबरोबर भाचेमंडळी येतात, आणि खान्देशातल्या उन्हात दुपारी कोणी घराबाहेर पडू शकत नसल्यामुळे कूलरच्या वाऱ्यात ‘स्कायरिम’ सुरू होतो. २०११ च्या या गेमने क्लास निवडण्याचा पडदाच काढून टाकला. वंश तेवढा निवडायचा. बाकी अठरा कौशल्ये सगळ्यांसाठी खुली असतात, आणि त्यांतली कुठलीही वाढवली की नायकाची एकूण लेव्हल आपोआप चढते. भाच्याने कुठेतरी जुनी युक्ती ऐकली होती की, लोहारकाम वाढवायचे असेल तर लोखंडी खंजीर बनवत सुटावे, सामान स्वस्त आणि काम झटपट. तो भट्टीपाशी उभा राहून खंजीर बनवत होता आणि मागे माझी मावशी डाळ निवडत बसली होती. तिने काही वेळ ते निमूटपणे पाहिले आणि मग विचारले, “हाऊ सुऱ्याच काबर बनाडी ऱ्हायना?”

“आजी, त्याशिवाय तो शिकणार कसा?”

“पन इतल्या सुऱ्या लेस कोन?”

मावशीला ठाऊक नव्हते, पण गेम बनवणाऱ्यांनाही नेमका हाच प्रश्न पडला होता. पुढच्या एका सुधारणेत त्यांनी लोहारकामातली वाढ वस्तूच्या किमतीशी जोडली, त्यामुळे स्वस्त खंजिरांतून होणारी प्रगती मंदावली. तेव्हा खेळाडूंनी आपला मोर्चा दागिन्यांकडे वळवला. लोखंडाच्या खनिजाची चांदी आणि चांदीचे सोने करणारा एक मंत्र त्या जगात सापडतो. तो शिकायचा आणि अंगठ्या घडवत बसायचे. जळगावच्या सराफ बाजारात असा मंत्र कोणी आणला तर त्याचे काय होईल, हा विचार मी तिथेच सोडून दिला.

मावशीला त्या प्रश्नाचा अधिकार होता, कारण तिचे मांडे आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहेत. पुरण भरलेला गोळा आधी थोडा थापून ती हातांवर घेते, आणि मग तो या हातावरून त्या हातावर असा काही फिरवते की, बोटांपासून मनगटाकडे आणि मनगटापासून कोपराकडे तो स्वतःच्याच वजनाने पसरत जातो. आतले पुरण पारीबरोबर सरकते, कुठे गाठ राहत नाही, आणि पारी इतकी पातळ होते की पलीकडच्या चुलीचा जाळ तिच्यातून लालसर दिसतो. मग एका झोक्यात तो मांडा पालथ्या खापरावर जातो. हे तिला आले ते मांड्यांच्या संख्येमुळे नव्हे. दर वर्षीचा गहू वेगळा असतो, कधी कणीक ताण धरते आणि कधी धरत नाही, पुरण जरा सैल झाले की कडेला फाटते, आणि लग्नघरची चूल घरच्या चुलीसारखी ऐकत नाही. दर वेळी थोडी नवी अडचण आली आणि दर वेळी हाताने तिच्याशी नव्याने जमवून घेतले. तोच गहू, तीच चूल आणि तेच पुरण घेऊन तिने हजार मांडे केले असते, तर गेमच्या मोजणीत ती शिखरावर पोहोचली असती आणि पहिल्याच परक्या लग्नात तिचा मांडा फाटला असता. गेम कृती मोजतो, कृतीतली अडचण मोजत नाही, ही माझी या पद्धतीबद्दलची खरी तक्रार आहे. ‘रूनक्वेस्ट’च्या फाशात अडचणीची निदान जाण तरी होती.

तक्रार असूनही मला हे क्लास नसलेले गेमच अधिक आवडतात, आणि त्याचे कारण स्वातंत्र्य हे नाही. खरे तर यांत स्वातंत्र्य फार काळ टिकतच नाही. ‘स्कायरिम’बद्दल खेळाडूंमध्ये एक जुना विनोद आहे की, तुम्ही जादूगार व्हायला निघा की पहिलवान व्हायला निघा, वीस तासांनी तुम्ही अंधारात दबा धरून बाण मारणारे धनुर्धारीच झालेले असता. दुरून, लपून, एका बाणात काम होते. ते पुन्हा सोयीचे वाटते, पुन्हा वापरले जाते, वापरामुळे अधिक वाढते आणि वाढल्यामुळे अधिकच सोयीचे होते. म्हणजे क्लास गेलेला नसतो, तो फक्त पहिल्या पडद्यावरून उठून पुढे कुठेतरी जाऊन बसलेला असतो, आणि तो तुमच्या इच्छेऐवजी तुमच्या सवयीने भरलेला असतो. आपण काय होऊ इच्छितो हे पहिल्या पडद्यावर कोणीही सांगेल. अडचणीत आपला हात आपोआप कुठे जातो, हे मात्र असा गेमच दाखवतो.

इच्छा आणि सवय यांची सर्वांत विनोदी फारकत २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये झाली. तिथे क्लास होता, हवा तर स्वतः तयार करता येत होता, आणि त्यातल्या मुख्य कौशल्यांची वाढ झाली की लेव्हल चढत होती. पण लेव्हल चढली की सगळे जगच तुमच्याबरोबर बलवान व्हायचे, इतके की रस्त्यावरचे भुरटे दरोडेखोरही अतिमौल्यवान चिलखते घालून चार नाण्यांसाठी अडवायचे. तेव्हा हिशेबी खेळाडूंनी शक्कल काढली की, जी कौशल्ये वापरायचीच नाहीत ती मुख्य म्हणून लिहून द्यायची आणि ज्यांवर खरी भिस्त आहे ती गौण ठेवायची. कागदोपत्री बोलघेवडा व्यापारी, प्रत्यक्षात गदाधारी. नियम पाळूनच नियमाला बगल देण्याची ही कला आपल्याकडे कोणाला नव्याने शिकवावी लागणार नाही.

या सगळ्यांत ‘अल्टिमा ऑनलाइन’ला मी वेगळा मान देतो. १९९७ च्या या गेममध्ये क्लास नव्हते, पण मर्यादा होती. सुरुवातीच्या काळात एका कौशल्याची कमाल १०० आणि सगळ्या कौशल्यांची मिळून बेरीज ७००. मर्यादा गाठल्यावर नवे काही शिकायचे असेल, तर जुने काहीतरी उतरू द्यावे लागे. कोणते वाढू द्यायचे, कोणते उतरू द्यायचे आणि कोणते कुलूपबंद ठेवायचे, यासाठी प्रत्येकासमोर बाण नाहीतर कुलूप लावायची सोय होती. लाकूडतोड्याने सुतारकाम चढवले की कधीकाळी हौसेने शिकलेली मासेमारी दशांशादशांशाने खाली येई. बाकीचे गेम माणसाला सगळे काही येऊ शकते असे भासवतात, आणि मग शेवटी प्रत्येक नायक लोहारही, महापंडितही आणि खिसेकापूही होऊन एकमेकांसारखा दिसू लागतो. इथे विसरणेही खेळाडूलाच निवडावे लागत होते.

भाच्याच्या नायकाची अडचण अजून वेगळी आहे. त्याला व्हायचे होते कुऱ्हाडवीर, पण पैशांच्या मागे लागून त्याने इतकी औषधे आणि विषे बनवून विकली की, त्याची किमया १०० वर पोहोचली आणि तिच्या जोरावर एकूण लेव्हलही चढली. लेव्हल चढल्यामुळे शत्रू दणकट झाले, आणि कुऱ्हाडीचे कौशल्य मात्र होते तिथेच राहिले. २०१३ मध्ये आलेल्या सोयीप्रमाणे १०० झालेले कौशल्य पुन्हा १५ वर आणता येते आणि लेव्हल चढताना मिळालेले जे गुण त्यात खर्चले ते परत मिळतात, हे मी त्याला सांगितले. ते गुण कुऱ्हाडीकडे वळवता येतील म्हणून तो क्षणभर खूश झाला, पण कुऱ्हाडीच्या वरच्या गुणांना कुऱ्हाडीचेच कौशल्य तेवढे लागते, हे लगेच त्याच्या ध्यानात आले. “म्हणजे मामा, कुऱ्हाड चालवायलाच लागेल,” असे म्हणून तो मोठ्या निर्धाराने रानात निघाला, आणि पहिल्याच वळणावर अस्वल दिसताच त्याने खाली बसून धनुष्य काढले.